पॅनेलरूममधला तक्ता

आधीच माफी मागतो. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, जोडाक्षरं घसरतील, आणि जड शब्द तर मला येतच नाहीत. आमच्या खात्यात जसं बोलतात तसंच लिहिणार आहे. समजून घ्या.

कारखान्यात किस्से कसे साचतात सांगू? लेथखाली लोखंडाचा कीस साचतो तसे. संध्याकाळी झाडून काढा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच ढीग! आमच्या प्रथमोपचाराच्या वर्गाचे किस्से तर इतके झालेत, की जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी म्हणतंच, "बबन, तो नदीवरचा सांग ना राव!" मी तसा कमी बोलणारा. पण डबे उघडले की मलाही दोन-चार सांगता येतात. लोक हसतात. शेवटचा मात्र मी कधी सांगत नाही. आज सगळे ओळीने लिहून काढतो, म्हणजे तोही त्यात येईल.

*

पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका अजून व्हायची होती, तेव्हाची गोष्ट. मी पुनावळ्याहून सायकलने चिंचवडला यायचो. आमचा कारखाना पत्र्याचे सुटे भाग बनवायचा. मी ड्रिल मशीनवर होतो.

जेवायला मी कॅन्टीनमध्ये जात नसे. तिथे चाळीस जण एकदम बोलतात आणि मधेच कुणीतरी विचारतं, "का रे बबन, तुला तोंड आहे की नाही?" मी पॅनेलरूममध्ये जायचो. सगळ्या कारखान्याचे मेन स्विच त्या खोलीत. तिथे उस्मानचाचा असायचे. ते आमचे वायरमन, राहायला थेरगावला. खाकी शर्ट, वरच्या खिशात टेस्टर, आणि दाढीचे केस पांढऱ्याकडे झुकलेले. चाचा मला काही विचारत नसत. अर्धी भाकरी माझ्या डब्यात टाकायचे आणि माझ्या डब्यातली चटणी घ्यायचे, झालं.

एका दुपारी त्यांनी हातातला घास खाली ठेवला. ऑइलच्या रिकाम्या ड्रमवर बसले. कपाळावर घाम आला. एक हात छातीवर, दुसऱ्याने जबडा धरलेला. मी पाण्याचा तांब्या घेऊन नुसता उभा! पाच मिनिटांनी त्यांनी तोंड पुसलं आणि म्हणाले, "बबन, हे या खोलीबाहेर जाता कामा नये. कसम घे."

"चाचा, डॉक्टरसाहेबांना तरी…"

"डॉक्टर अनफिट लिहील. अनफिट वायरमनला कोण ठेवतं? दोन वर्षं राहिलीत रिटायर व्हायला. मग तू सांगशील त्या डॉक्टरकडे येतो. घे कसम."

मला कुणाला नाही म्हणता येत नाही. मी कसम घेतली. चाचांनी खाली ठेवलेला घास उचलला, त्याला चटणी लावली आणि म्हणाले, "तुझ्या आईचा हात तिखट आहे रे! त्यानेच झालं असेल!"

*

त्याच आठवड्यात सेफ्टीसाहेबांनी आम्हाला शेडबाहेर उभं केलं. कुणाला विजेचा धक्का बसला, कुणाचं हृदय बंद पडलं, तर डॉक्टर येईपर्यंत काय करायचं ते दर शनिवारी शिकवणार, म्हणाले. "सहा माणसं पाहिजेत. हात वर करा!"

सगळे आपापल्या चपला बघत राहिले. मला जोराची लघवी लागली होती. विचारावं म्हणून मी हात वर केला.

"शाब्बास!" साहेब ओरडले. "बघा! आपल्यातला सगळ्यात लाजाळू माणूस पहिला पुढे आला!"

टाळ्या पडल्या. मी म्हणालो, "साहेब, मला…"

"बोल, बोल! घाबरू नकोस!"

"काही नाही साहेब."

टाळ्या थांबल्यावर मला चाचांचा घामेजलेला चेहरा आठवला. म्हणून नंतरही मी नाव मागे घेतलं नाही. लघवीला मात्र सुट्टी होईपर्यंत थांबलो!

*

डॉक्टर तरुण होते, पुण्याहून स्कूटरवर यायचे. छाती दाबायची आणि तोंडाने श्वास द्यायचा, असं ते शिकवणार होते. पण दाबायचं कुणाला? जिवंत माणसाची छाती दाबून शिकायचं नसतं. परदेशात म्हणे त्यासाठी रबराचे बाहुले असतात. आमच्याकडे कुठला बाहुला!

वायरमन म्हणून चाचांचं नाव वर्गात आपोआप आलं होतं. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, छाती किती खाली गेली पाहिजे तेवढं सांगा."

"दीड ते दोन इंच."

पुढच्या शनिवारी बाहुला तयार! गोणीत मशीन पुसायचं कॉटन वेस्ट भरलेलं, छातीत पत्रा दाबायच्या जुन्या प्रेसची स्प्रिंग, आत दोन पट्ट्या, बॅटरीचे दोन सेल, आणि कपाळावर टॉर्चचा बल्ब. दाब बरोबर बसला की पट्ट्या टेकायच्या आणि बल्ब लागायचा. कमी पडला तर अंधार. अंगात चाचांचाच जुना खाकी शर्ट. डॉक्टरांनी स्वतः एकदा दाबून बल्ब लावून बघितला. मग त्यांनी चाचांना नमस्कार केला.

आमच्यात एक तुकाभाऊ होते, कुरुळीचे, प्रेसवर काम करणारे. त्यांनी बाहुल्याचं बारसं केलं. "दिसभर पडून ऱ्हातोय, काम करत न्हाई, अन् दुसऱ्यानं घाम गाळला की ह्याचा दिवा लागतोय. साहेबच हाय ह्यो!"

तेव्हापासून तो साहेब. एकदा मोठे मॅनेजर खात्यात आले आणि विचारलं, "काय चाललंय इथे?"

तुकाभाऊ घाम पुसत म्हणाले, "साहेबाची छाती दाबतोय, साहेब!"

बाहुला आला त्या शनिवारी सगळ्यांचा दिवा लागला, माझा लागला नाही. माझा हात जायचाच हलका. डॉक्टर म्हणाले, "जोर लाव. बरगडी मोडली तरी भरून येते. माणूस गेला तर येत नाही." पुढच्या शनिवारी साहेबाच्या कपाळावर माझा दिवा लागला. सगळ्यांनी शिट्ट्या मारल्या. चाचा माझ्याजवळ येऊन म्हणाले, "चला, माझी सोय झाली."

बाकीच्यांना वाटलं चाचांनी विनोद केला. ते हसले, चाचाही हसले.

*

आता नदीवरचा.

डॉक्टरांनी शिकवलेली पहिली गोष्ट दाबणं नव्हती. पहिली गोष्ट म्हणजे हाक मारणं. माणूस पडला की ओरडायचं, माणसं जमवायची, एकाला गाडीसाठी पळवायचं. आणि नेमकं तेच मला जमेना. मी "धावा!" म्हणालो तर शेजारच्यालाही ऐकू जात नसे.

"अरे, प्रेस शॉपच्या आवाजात तुझं 'धावा' कुठे जाणार?" चाचा म्हणाले. "रविवारी ये घरी."

रविवारी थेरगावला गेलो. चाचींनी आधी पोटभर जेवू घातलं. चाची चाचांहून ठेंगण्या, पण आवाज खणखणीत. जेवणानंतर चाचांनी मला पवनेच्या काठावर नेऊन उभं केलं. पलीकडे एक माणूस म्हशी धूत होता.

"त्याला ऐकू गेलं पाहिजे. ओरड, धावा!"

मी ओरडलो. म्हशींनीसुद्धा कान हलवले नाहीत.

"अजून!"

सहाव्या-सातव्या वेळी कसं कोण जाणे, पोटातून आवाज निघाला. "धावाऽऽ!" पलीकडच्या माणसाने म्हैस सोडली, धोतर खोचलं आणि सरळ पाण्यात उडी टाकली! अर्ध्या नदीत आल्यावर त्याने विचारलं, "कोण बुडालंऽऽ?"

मी लाजेने मेलो. म्हणालो, "कुणी नाही! तुम्ही जा परत!"

त्याने आमच्या सात पिढ्यांना शिव्या दिल्या. चाचा हसता हसता खाली बसले. खूप वेळ बसून राहिले. मी वळून बघितलं तर त्यांचा हात छातीवर होता.

"हसल्यामुळे झालं," ते म्हणाले. "कसम आहे हां."

*

मी काहीच केलं नाही असं नाही. एका शनिवारी वर्ग संपल्यावर डॉक्टरांच्या मागे मागे स्कूटरपर्यंत गेलो. नाव घ्यायचं नव्हतं, म्हणून लांबून सुरुवात केली.

"डॉक्टरसाहेब, समजा… एखाद्याच्या छातीत मधून मधून दुखत असलं तर…"

डॉक्टरांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. तिथेच शर्टाची बटणं काढायला लावली. स्कूटरच्या डिकीतून नळी काढून छातीला लावली, पाठीला लावली, दहा उठाबशा काढायला लावल्या. गेटवरचे वॉचमन बघत होते!

"घोड्यासारखं हृदय आहे तुझं. अरे, एवढा काय लाजतोस? ही ताकदीच्या गोळ्यांची बाटली घे, रोज एक खा."

मी म्हणालो, "बरं."

एवढंच! घोड्याचं हृदय असलेल्या माणसाला आणखी एक वाक्य बोलता आलं नाही. 'मी नाही, दुसरं कुणीतरी आहे' एवढंच म्हणायचं होतं.

गोळ्यांची ती बाटली मी चाचांना नेऊन दिली. त्यांनी त्या इमानाने खाल्ल्या. महिन्याने दंड दाखवत म्हणाले, "फरक पडतोय बरं का!"

*

तोंडाने श्वास द्यायची वेळ आली तेव्हा तुकाभाऊ मागे सरकले. ते माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, दुसऱ्याच्या तांब्यातलं पाणीसुद्धा पीत नसत. पॅनेलरूममध्ये यायचे, चाचांशी तासभर गप्पा मारायचे, पण चहा स्वतःच्या कपात. चाचांना त्याचं काही वाटत नसे. तुकाभाऊंचा कप ते वेगळ्या खिळ्याला टांगून ठेवायचे, आणि तो दुसऱ्या कुणी घेतला तर चाचाच भांडायचे.

"दाबाया सांगा, दिसभर दाबतो," तुकाभाऊ म्हणाले. "पर दुसऱ्याच्या तोंडाला तोंड? न्हाई जमायचं डॉक्टर."

"मधे रुमाल ठेवायचा," डॉक्टर म्हणाले.

"रुमालातनं उष्टं जात न्हाई व्हय?"

चाचा म्हणाले, "राहू द्या डॉक्टरसाहेब. तुका, मी पडलो तर तू नुसतं दाब. फुंकायला बबन आहे."

"तुमी कशाला पडताय? तुमाला तर करंटबी घाबरतोय!"

"तरी पण. तुझी माळ बाटायला नको माझ्यामुळे."

तुकाभाऊंनी साहेबाची छाती दोनशे वेळा दाबली. साहेबाच्या तोंडाला मात्र तोंड लावलं नाही. तो गोणपाटाचा होता तरीही!

*

एकदा डॉक्टरांनी पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या एका मशीनबद्दल सांगितलं. हृदय नुसतं थरथरत राहिलं, ठोका पडेनासा झाला, की छातीवर दोन हातांत दोन धातूच्या गोल चकत्या धरतात आणि विजेचा झटका देतात. कधी कधी हृदय पुन्हा चालू होतं. त्या मशीनला ते डिफिब्रिलेटर म्हणाले. आमच्यातल्या एकालाही ते नाव घेता आलं नाही. तुकाभाऊंनी लगेच 'इस्तरी' करून टाकलं.

पण चाचा! त्यांचे डोळे लहान मुलासारखे झाले.

"झटका देऊन उठवतात? डॉक्टरसाहेब, बत्तीस वर्षं मी कुणाला झटका बसू नये म्हणून मरतोय, आणि तुम्ही मुद्दाम देता?"

"एकदाच. वीज आत साठवून ठेवतात आणि क्षणात सोडतात."

"म्हणजे कंडेन्सर!" चाचा उठून उभेच राहिले. "पंख्यात असतो तसा!"

"त्याचा थोरला भाऊ म्हणा," डॉक्टर हसले.

मग चाचांनी किती व्होल्ट, वायर केवढी, देणाऱ्याला का बसत नाही, असे इतके प्रश्न विचारले की डॉक्टर म्हणाले, "हे मलाही माहीत नाही. एकदा चला तुम्ही, दाखवतोच."

"नक्की?"

"नक्की."

त्यानंतर दर शनिवारी चाचा इस्त्रीचा शर्ट घालून यायचे. डॉक्टर घाईत असायचे. पुढच्या शनिवारी, म्हणायचे.

*

आता तक्त्याचं सांगायला पाहिजे.

पॅनेलरूमच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत एक तक्ता होता. विजेचा धक्का बसला तर काय करायचं त्याचा. सगळ्याच कारखान्यांत असतो तो. पण आमचा फार जुना. त्यातला माणूस पालथा झोपलेला. दुसरा माणूस त्याच्या डोक्याशी गुडघे टेकून त्याची पाठ दाबतोय आणि कोपरं ओढतोय.

डॉक्टरांनी तो बघितला आणि म्हणाले, "ही पद्धत मागे पडली. यात छाती दाबलीच जात नाही. हृदय बंद पडलं असेल तर काही उपयोग नाही. काढून टाका हा."

सेफ्टीसाहेब म्हणाले, "इन्स्पेक्टर येतो तेव्हा तक्ता भिंतीवर लागतो." म्हणजे नवा मिळेपर्यंत जुनाच.

पण खरे अडले ते चाचा. आयुष्यात त्यांनी डॉक्टरांचा शब्द मोडला तो त्या एकाच वेळी. "साहेब, मी नवा नवा लागलो होतो, तेव्हा एक पोरगा करंटने फेकला गेला. श्वास बंद. मी या तक्त्यात बघून बघून त्याची पाठ दाबली. अर्ध्या तासाने पोरगा उठून बसला. आज त्याला तीन मुलं आहेत. मी इथे आहे तोवर हा तक्ता हलणार नाही."

तक्ता राहिला.

दर सोमवारी चाचा त्याची काच पुसायचे. खंडेनवमीला आम्ही मशीनची पूजा करतो. त्या दिवशी पॅनेलला झेंडूचे हार चाचाच घालायचे, कारण विजेच्या वस्तूला दुसऱ्याने हात लावलेला त्यांना चालत नसे. नारळ तुकाभाऊ फोडायचे. उरलेला एक हार चाचा तक्त्याला घालायचे.

"त्यो बघा," तुकाभाऊ म्हणायचे, "पालथ्या देवाला हार!"

*

खंडेनवमी होऊन आठ दिवस झाले होते. हार वाळले होते. सकाळचे साडेदहा वाजले असतील. मी ड्रिलवर होतो. पॅनेलरूमकडून कुणीतरी ओरडलं, "करंट! चाचांना करंट लागला!"

मी पळत गेलो. चाचा पॅनेलसमोर रबराच्या मॅटवर पडले होते. चेहरा राखेसारखा. दारात पाच-सहा जण, आणि कुणीच हात लावत नव्हतं. वायरमन पॅनेलसमोर पडला म्हणजे करंटच, दुसरं काय असणार? असंच आम्हाला शिकवलं होतं, आणि शिकवणारे चाचाच होते. आधी मेन बंद, मग माणसाला हात.

"कुनी शिवू नका!" तुकाभाऊ म्हणाले. "मेन पाडा आधी!"

करंट नव्हता. मला माहीत होतं. तिथे मला एकट्याला माहीत होतं.

मी तोंड उघडलं, आवाज निघाला नाही. मनात आकडे चालू झाले, कारण वेळ मोजायची सवय वर्गानेच लावली होती. मेनचा मोठा खटका पाडायला एकजण लाकडी दांडा शोधत होता. वीस. दांडा सापडला. तीस. खटका पडला आणि सगळा कारखाना गप्प झाला. एकेक मशीन फिरत फिरत थांबलं. एवढी शांतता मी तिथे कधी ऐकली नव्हती.

"करंट नाहीये," मी म्हणालो. पुटपुटलो, म्हणायला पाहिजे.

पन्नास. आता ते चाचांजवळ बसले. तुकाभाऊंनी मान वर करून भिंतीकडे बघितलं. शनिवारचा वर्ग त्या क्षणी कुणाच्या डोक्यात राहिला नव्हता. समोर तक्ता होता. सगळ्यांनी मिळून चाचांना पालथं केलं. तुकाभाऊ डोक्याशी गुडघे टेकून बसले आणि पाठ दाबायला लागले. हुबेहूब चित्रासारखं.

साठ.

मग तो नदीवरचा आवाज आला. गेटवरचे वॉचमन म्हणतात, त्यांनाही ऐकू गेला.

"पालथं करू नकाऽऽ! करंट नाही, हृदय आहे त्यांचं! कधीपासून दुखत होतं! मला माहीत होतं!"

मी तुकाभाऊंना ढकललं. त्यांच्यावर हात टाकायची माझी काय टाप! पण ढकललं. चाचांना उताणं केलं आणि दाबायला लागलो. एक, दोन, तीन. एकाला टेंपो आणायला पाठवलं. सात, आठ. चाचांच्या कपाळाकडे माझी नजर सारखी जात होती. तिथे दिवा नव्हता. बरोबर दाबतोय का, कमी पडतंय का, सांगायला काही नव्हतं. चौदा, पंधरा.

"फुंका कुणीतरी!" मी ओरडलो.

तुकाभाऊंनी गळ्यातली माळ हाताने मागे पाठीवर टाकली. चाचांचं नाक धरलं आणि त्यांच्या तोंडाला तोंड लावलं. रुमाल त्यांच्या खिशात होता. काढला नाही.

टेंपोत आम्ही तसेच बसलो. मी दाबत, ते फुंकत. खडकीच्या पुढे माझे हात गळाले तेव्हा जागा बदलली. रस्त्यात तुकाभाऊ एकदाच बोलले. चाचांनाच म्हणाले, "उठा की. तुमच्या कपात च्या पितो."

पुण्यात मोठ्या हॉस्पिटलात आम्हाला बाहेर काढलं. दाराला काच होती. आत एक पांढरी पेटी ढकलत आणली. तिथल्या डॉक्टरांनी दोन्ही हातांत त्या चकत्या घेतल्या, बाकीचे बाजूला झाले. चाचांचं अंग उचललं गेलं आणि खाली आलं. पुन्हा एकदा. आणि पुन्हा.

चाचांना ते मशीन बघायचं होतं. बघितलं मी.

थोड्या वेळाने तिथले डॉक्टर बाहेर आले. "छाती कोण दाबत होतं?"

मी हात वर केला.

"दोन बरगड्या मोडल्यात. बरोबर दाबलंस." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "किती वेळाने सुरू केलं होतं?"

मी सांगितलं. ते पुन्हा आत गेले.

त्याच संध्याकाळी थेरगावला चाचांना माती दिली. परत निघताना मी चाचींसमोर जाऊन उभा राहिलो. नर्सने माझ्याकडे दिलेला शर्ट आणि टेस्टर त्यांच्यापुढे ठेवला. आणि जे सांगायचं होतं ते सांगितलं, की मला माहीत होतं, त्यांनी कसम घातली होती, म्हणून मी बोललो नाही.

चाचींनी शर्ट घेतला. टेस्टर माझ्या हातात परत दिला. त्यांचा तो खणखणीत आवाज पार बसला होता.

"मलाही घातली होती, बेटा," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भोंग्याच्या तासभर आधी कारखान्यात गेलो. पॅनेलरूम उघडली. ड्रमवर उभा राहून तक्त्याचा वाळलेला हार काढला. चाचांच्या टेस्टरने चौकटीचे चारही स्क्रू काढले. काच बाजूला ठेवली आणि तक्ता उलटा केला. मागची बाजू कोरी होती. मशीनवर नंबर घालायचा काळा रंग आणि ब्रश आणला आणि माझ्या अक्षरात लिहायला बसलो. उताणं झोपवा. हाक मारा. छाती जोरात दाबा. डॉक्टर येईपर्यंत थांबू नका.

मागे तुकाभाऊ कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. त्यांनी एकेक अक्षर जुळवत सगळं वाचलं.

"वरची जागा का मोकळी ठिवली?" त्यांनी विचारलं.

मी ब्रश पुन्हा रंगात बुडवला आणि सगळ्यात वर लिहिलं : छातीत दुखतं ते कुणाला सांगू नको, अशी कसम कुणी घातली तर ती मोडा.

तुकाभाऊंनी तेही वाचलं. मग त्यांनी चौकट उचलून भिंतीला धरली आणि एकेक स्क्रू माझ्या हातात देत गेले. भोंगा व्हायच्या आत मी चारही पक्के केले.